बेरीज सत्तावीस

वातेस, सोमवार, ६ सप्टेंबर १९९३

निंग,

तुझं पत्र पोचलं. पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात, तो मी लिहिलेला नाही. चुकून राहिलेला नाही.

सातव्या महिन्याचा विधी दोन ऑक्टोबरला तिकडे बालिकपापानलाच करताय, हे कळलं. अंगावर पाणी घालायला सात वडीलधारी माणसं लागतात, शेजारच्या सहा बायका मिळाल्यात, सातवी मी असावी, असं तू लिहिलंस. 'या वेळी आली नाहीस तर मी पुन्हा बोलावणार नाही' हेही लिहिलंस. ते वाक्य तुझ्या बाबांनी वाचून दाखवताना गाळलं. मी नंतर चष्मा लावून स्वतः वाचलं.

मी येणार नाही. कारण तीन वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात तुला बोटांवर मोजून दाखवलं होतं. तुझा जन्म गुरुवारचा आणि पाच दिवसांच्या बाजारी आठवड्यातला बाजारवार वागे, दोन्हींचे आकडे मिळून बारा. त्याचा बुधवार आणि बाजारवार क्लिवोन, पंधरा. बेरीज सत्तावीस. सत्तावीस म्हणजे नवराबायकोची ताटातूट. मी हे घरी बसून रचलेलं नाही, अख्खी जावा असंच मोजते. तू म्हणालीस, आई, माणूस बघ, आकडे काय बघतेस. आणि कचेरीत सही करून बोटीत बसलीस.

तुझ्या आजोबांकडे तीन गावांतले लोक बेरीज करून घ्यायला यायचे. त्यांच्यामागे माझ्याकडे येतात. बाजारात एका हाताने गेब्लेक तळत मी दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजते, आणि बेरीज वाईट आली तर खुशाल परत पाठवते. त्या आयांनी माझ्यासमोर डोळे पुसलेत. आता माझ्याच मुलीला पाणी घालायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?

माझी आणि तुझ्या बाबांची बेरीज सव्वीस. म्हणजे निवांत संसार. बत्तीस वर्षं झाली, घरात एकदाही ताट आपटलं गेलं नाही. म्हणजे एकदा आपटलं, पण ते पत्र्याचं होतं.

अननस खाऊ नकोस. उंबऱ्यात बसू नकोस, बाळंतपण अडतं. हे कोणीही सांगेल, म्हणून मीही सांगितलं.

आई

वातेस, सोमवार, १३ सप्टेंबर

निंग,

हे तुझ्या पत्राचं उत्तर नाही. ते मागच्या आठवड्यातच गेलं. आज तेल तापवायचं नाही, पायाला फोड आलाय, रिकामी बसलेय म्हणून लिहिते.

काल तुझे बाबा मला जोगजाला फिरायला घेऊन गेले. फिरायला, हा त्यांचाच शब्द. बत्तीस वर्षांत जोगजाला मी दोनच कामांसाठी गेले, कढई आणायला आणि डॉक्टरकडे. शनिवारी रात्री जेवताना म्हणाले, उद्या लग्नाला बत्तीस वर्षं होतात, जाऊन येऊ. मी म्हटलं, उद्या बाजार आहे. ते म्हणाले, बाजार दर आठवड्याला असतो. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पहाटेची पहिली बस धरली. मी नव्या चपला घातल्या, आणि फोड तिथूनच सुरू झाला.

बेरिंगहार्जो बाजाराच्या दाराशी बायका पेचेल विकायला बसतात. आम्ही जमिनीवर पाट घेऊन बसलो. भाज्या बऱ्या उकडल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी मात्र इतकी पातळ की केळीच्या पानावरून बाबांच्या विजारीवर आली. त्यांनी तरी दोनदा घेतलं. विकणारीने विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या? वातेसला गेब्लेक तळते म्हटल्यावर ती म्हणाली, त्या पांढऱ्या कड्या ना, दातांना चिकटतात त्या. मी तिला साबूकंदाचं पीठ कसं मळायचं ते सांगितलं. चिकटणारे गेब्लेक शिळ्या पिठाचे असतात. तिने ऐकून घेतलं, तेव्हा मीही चटणीबद्दल काही बोलले नाही.

आत कापडबाजारात गेलो. एक लुरिक घेतलं, साधं रेघांचं, घरात नेसायला. मग नारळाच्या दुधातलं दावेत प्यायलो. गूळ चांगला होता, हिरव्या शेवया जरा जाड. बाबा म्हणाले, तुला कुठेतरी काहीतरी आवडेल का? मी म्हटलं, गूळ चांगला आहे म्हटलं ना.

सायकलरिक्षाने तामान सारीला गेलो. सुलतानाच्या राण्या जिथे नाहायच्या त्या हौदांच्या काठावर उभं राहून बाबांनी मला साऱ्या सुलतानांची नावं ऐकवली. शेवाळं कोण काढायचं, हे मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. एक फोटोवाला मागे लागला. म्हणाला, आजोबा, जरा जवळ सरका. आम्ही सरकलो. असं आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. फोटो टपालाने येणार आहे. आला तर बघू.

दुपारी गुडेग खाल्लं. फणस चांगला रात्रभर शिजवलेला होता, लाकडाच्या चुलीवर. तिथे मला नावं ठेवायला काही सापडलं नाही. बाबांनी विचारलं, मग? मी म्हटलं, भात थोडा कमी वाढला.

संध्याकाळी राजवाड्यामागच्या मैदानावर गेलो. तिथे ते दोन वड आहेत ना, डोळे बांधून मधून चालत जायचं ते. बाबा चालले. तिथे काही विशेष झालं नाही. मग बसने परत आलो.

ऊन फार होतं. तुला तिकडे उकडत असेल. पाय सुजले तर मिठाच्या कोमट पाण्यात ठेव.

आई

निंग, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून या कागदाच्या मागे लिहितो. वडांपाशी काही विशेष झालं नाही हे खरं नाही. काल संध्याकाळपासून तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. दोष माझाच आहे. काय झालं ते मी लिहिणार नाही, तीच लिहील, जरा वेळ लागेल.

आणि ते लुरिक घरात नेसायचं नाही. विधीच्या वेळी तुझ्या पोटावर एकामागून एक सात वस्त्रं धरून बघतात, बाया सहा वेळा शोभत नाही म्हणतात आणि सातवं साधं लुरिक शोभतं. तिने घेतलं ते हेच. तिने दुकानदाराला विचारलं, सातव्या महिन्यातल्या पोटाला पुरेल का. मी शेजारच्या दुकानात दोरा बघत असल्याचं सोंग केलं. हे वडांच्या आधीचं आहे, एवढं लक्षात ठेव. बाबा.

वातेस, गुरुवार, १६ सप्टेंबर

निंग,

मागच्या पत्रावर तुझ्या बाबांनी काहीतरी खरडलं. मी विचारलं तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या, म्हणजे खरडलं. काय लिहिलं ते विचारलं नाही, कारण विचारायचं तर बोलावं लागतं. आता काय झालं ते माझ्याकडून ऐक.

त्या दोन वडांमधून डोळे बांधून सरळ पलीकडे गेलेला माणूस मनाने स्वच्छ असतो, असं म्हणतात. बाबांनी रुमाल बांधला. पहिल्यांदा डावीकडे गेले आणि कुंपणाला अडले. दुसऱ्यांदा उजवीकडे, थेट मक्याची कणसं भाजणाऱ्याच्या गाडीवर. कॉलेजातली पोरं टाळ्या वाजवत होती. तिसऱ्यांदा ते अर्धवर्तुळ घेऊन माझ्याकडेच परत आले. मला हसू आवरेना. आल्याच्या गरम पाण्यात तांदळाचे गोळे घालतात ते रोंडे आम्ही मागवलं आणि चटईवर बसलो. तेवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग सुरू झाली.

मी चेष्टेने म्हटलं, "अहो, तीनदा वाकडे गेलात. पोटात पाप तरी काय दडवलंय?"

ते हसले नाहीत. वाटी खाली ठेवली.

"येम, माझा जन्म शुक्रवारचा नाही."

मला वाटलं, ऊन लागलं.

"दिवेलागणीला झालो मी. ही अशी बांग होऊन गेली होती. लग्नाच्या आठ दिवस आधी आईने सांगितलं."

"मग माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा?"

"शुक्रवार पाहिंग म्हणालो. गावच्या दप्तरात तसंच लिहिलंय."

"दप्तराला काय विचारायचंय? सूर्य मावळला की पुढचा वार लागतो. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"म्हणून तर बोललो नाही. तुझ्या वडिलांनी तुला दिलीच नसती. आणि मला तू हवी होतीस."

हे असलं ते आजवर कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते या वेळी. मी तिथल्या तिथे मोजलं. शुक्रवार पाहिंगचे पंधरा. त्याच्या पुढचा शनिवार पोन, सोळा. माझे अकरा. पेर चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. सत्तावीस आले, निंग. तुझे आणि त्याचे तेवढेच.

मग मी जे विचारलं त्याचं उत्तर ऐकून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "आणि निंगच्या वेळी? तुम्ही त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होतात. मी तिला सत्तावीस सत्तावीस म्हणून बोलत होते. तेव्हा का नाही तोंड उघडलंत?"

म्हणाले, "भीती वाटली. तुझा विश्वास आहे या आकड्यावर. तू उठून निघून जाशील असं वाटलं. मुलगी गेली तर केव्हातरी परत येईल, तू गेलीस तर यायची नाहीस." मग म्हणाले, "चुकलंच ते."

मी रोंडे तसंच ठेवून उठले. बसमध्ये मी पुढे बसले, ते मागे. ते झोपले. त्यांना कुठेही झोप लागते.

सोमवारी मी तुला ते चटणीबिटणीचं पत्र लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नाही, पण सगळं लिहिताना डोक्यात एकच चाललं होतं. ज्या आकड्यावर मी संसार केला तो आकडा माझा नव्हताच. बत्तीस वर्षं मी बाजारात बसून लोकांना सांगितलं, आमच्याकडे बघा, सव्वीस आहे. तुलाही सांगितलं. तू म्हणाली होतीस, आई, तुमचं चांगलं चाललं ते बाबा स्वभावाने गरीब आहेत म्हणून. त्यावर मी तुझ्या हातातलं ताट हिसकावून आपटलं होतं. ते पत्र्याचं म्हणून मागे लिहिलं ते हेच ताट.

मंगळवारी सकाळी मी गाठोडं बांधलं. सेंतोलोला माझ्या भावाकडे जायचं ठरवलं. किती दिवस ते ठरवलं नव्हतं. बाबा ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी त्यांच्यासमोरून गेले, त्यांनी ताट बाजूला सारून वाट दिली. स्टँडवर जाऊन बसले. बस आली, कंडक्टर सेंतोलो सेंतोलो ओरडायला लागला. मी एक पाय वर ठेवला आणि मला एकदम कळलं की मी काय करतेय. आकडा काही करत नव्हता. तो बत्तीस वर्षं गप्प बसला होता. त्याला खरं करायला मीच गाठोडं घेऊन निघाले होते.

कंडक्टर म्हणाला, आजी, चढा नाहीतर उतरा. मी उतरले.

स्टँडच्या बाकावर बराच वेळ बसले. तुझ्या वेळीही हेच झालं होतं, निंग. सत्तावीसने तुझी नि त्याची ताटातूट होणार म्हणून मी ओरडत राहिले आणि ताटातूट झाली ती तुझी नि माझी. ती आकड्याने केली नाही. तुमची दोघांची तर तीन वर्षांत बातमी आली ती दिवस गेल्याचीच.

उठून सरळ पोस्टात गेले. सहा तारखेचं पत्र परत द्या म्हटलं. पोस्टमास्तर म्हणाले, वार्सियेमबाई, ते केव्हाच समुद्रापलीकडे गेलं. मी म्हटलं, तार केली तर? त्यांनी फॉर्म दिला. मी पेन हातात घेऊन बसले आणि तारेत मावेल असं काही सुचलं नाही. फॉर्म परत केला.

घरी आले तर बाबांनी भात शिजवून ठेवला होता, करपलेला. मी खाल्ला. अजून बोलले नाही.

आई

वातेस, बुधवार, २२ सप्टेंबर

निंग आणि प्रासोजो, दोघांना आशीर्वाद.

आधी कामाचं. आम्ही दोघं येतोय. अठ्ठावीसला सुराबायाहून बोट आहे, तीस तारखेला गुरुवारी तुमच्याकडे लागेल. बाबांशी बोलायला लागले, कारण तिकिटाचं सांगायचं होतं. पहिलं वाक्य होतं, खिडकीची जागा मिळते का बघा. ते म्हणाले, येम, बोटीला खिडकीची जागा नसते. मी म्हटलं, मग विचारून तर बघा. ते टोपी घालून धावतच गेले. त्या वयाच्या माणसाने असं धावू नये.

बोटीत मी कधी बसलेली नाही. तुझी मावशी म्हणते, आलं तोंडात धरायचं. धरीन.

सोबत लुरिक आणतेय. बाबांनी तुला ते आधीच कळवलंय, असं त्यांनी काल कबूल केलं. त्यांना आता कबूल करायची सवय लागली आहे. शाळेच्या कपाटाची किल्ली एकोणीसशे बहात्तर साली त्यांनीच हरवली होती, हेही सांगून टाकलं. साबूकंदाचं पीठ पाच किलो आणतेय, तिकडे चांगलं मिळत नाही असं ऐकलं. विधीला येणाऱ्या बायकांना गेब्लेक मी तळणार आहे. तुझ्या त्या सहाजणींना सांग, दातांना चिकटणार नाहीत.

काल बाजारात सुहार्ती आली, मुलाचं जमवायचंय म्हणून. दोन्ही वार सांगितले. माझी बोटं आपोआप पेरांवर गेली, मी हात पिठात घातला. म्हटलं, मुलगी कशी आहे? ती म्हणाली, मुलगी गुणी आहे, पण बेरीज किती ते सांग ना. मी म्हटलं, मी आता बेरजा करत नाही, मुलीला एकदा माझ्याकडे गेब्लेक खायला घेऊन ये. ती तोंड वाकडं करून पलीकडच्या म्हाताऱ्याकडे गेली. तो करील. पण निंग, सवय अशी सुटत नाही. बेरीज मला हात पिठात असतानाच समजली होती, चांगली होती, आणि तिला हाक मारून सांगावंसं वाटलं. ज्यांना आधी परत पाठवलं त्यांचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. त्यातली एक पोर अजून लग्नाची राहिलीय. तिच्या आईकडे जाऊन येणार आहे, तुमच्याकडून परतल्यावर. काय बोलायचं ते बोटीत ठरवीन.

तुझ्याकडून सहा तारखेच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. यायला वेळ होऊन गेलाय, म्हणजे तू लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. मीही लिहिलं नसतं. धक्क्यावर कोणी आलं नाही तरी चालेल, पत्ता बाबांच्या खिशात आहे. सातवी बाई तू दुसरी ठरवली असशील तर तिला काढू नकोस, मी मागे उभी राहीन, बादल्या भरून देईन. प्रासोजोला सांग, त्याच्याशी मी पहिल्या दिवशी नीट बोलेन असं नाही. मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी बोलेन.

पोस्टमास्तर म्हणतात, हे पत्र बहुतेक आमच्याच बोटीतून येईल आणि तुझ्या हातात पडायला आणखी दोन दिवस लागतील. म्हणजे मी तुझ्या घरात, नाहीतर दाराबाहेर, आधीच बसलेली असेन. मी स्वतःला ओळखते. तोपर्यंत मी पिठाबद्दल बोलेन, बोटीबद्दल बोलेन, तुझ्या सुजलेल्या पायांवरून रागावेन, आणि जे बोलायला आले ते काही तोंडातून निघणार नाही. म्हणून ते इथे लिहून पाठवतेय. पोस्टमन आला की पाकीट माझ्यासमोर फोडू नकोस, आतल्या खोलीत जाऊन वाच.

पोरी, माझं चुकलं.

आई